दोन ओळींची पट्टी

कॅप्टनबाईंच्या घरातल्या खुर्च्या घेतल्या तेव्हा होत्या तशाच राहिल्या, कारण त्यांच्यावर बाई कधी बसल्याच नाहीत. चहा खिडकीपाशी उभ्याने, पेपर खोलीत येरझारा घालत, जेवण कसंबसं टेबलाच्या कडेला टेकून. पाहुणा आला की त्याला बसवायचं आणि आपण दारापाशी उभं राहायचं. बिचारा दहा मिनिटांत स्वतःच उठायचा. गल्लीत त्यांच्या फेऱ्या सकाळी सहाला सुरू व्हायच्या, आणि दूधवाला म्हणायचा की घड्याळ बंद पडलं तरी माझं काही अडत नाही, बाई तिसऱ्यांदा वळल्या की सव्वासहा झाले. त्यांची ताई तर सरळच सांगायची, ‘हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने हिला खाली पाठवलं.’

पण ताईलाही ठाऊक होतं, की ही भिंगरी जन्मापासूनची नव्हे. लढाईवर जाण्याआधी हीच मुलगी तासन्‌तास एका जागी बसून वाचायची. हाक मारून मारून आईचा घसा बसायचा तरी हिची मान वर व्हायची नाही. मग लढाईत असं काय झालं, हे ताईने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘काही नाही, पत्रं वाचली.’ तिसऱ्यांदा ताईने विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. कपडे कुठलेही असोत, बाईंच्या वरच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी असायची. खोकला मात्र बाईंना कधीच झाला नाही. भाची सहा वर्षांची असताना तिने ती डबी उघडायला घेतली, तेव्हा मावशीने तिच्या हातावर अशी चापट मारली की पोरगी रडायचीच विसरली. मावशीने तिला आयुष्यात मारलेली ती एकच चापट, आणि नंतर रात्रभर मावशीच रडत होती.

तर बाईंची हकीकत अशी. वडील शाळामास्तर, पुढे डोळ्यांनी अधू झाले. त्यांना पेपर वाचून दाखवता दाखवता धाकटीची नजर इतकी तयार झाली की एका दृष्टिक्षेपात अर्धं पान खाली जायचं. त्याच जोरावर तिला छापखान्यात काम मिळालं, छापायच्या मजकुरातल्या चुका काढायचं. मालक म्हणायचा की या मुलीच्या हातून उवा निसटतील, चुका निसटायच्या नाहीत. मग लढाई सुरू झाली, पुरुष भराभर आघाडीवर गेले, आणि बायकांनाही अधिकारी म्हणून घेणार अशी जाहिरात आली. आईने आकांत केला. ताईने लग्नाचं काय म्हणून विचारलं. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, की आता मला पेपर कोण वाचून दाखवणार. त्या प्रश्नाने ती जवळजवळ थांबली होती. पण सव्वीस वर्षांची होती, आणि छापखान्यातल्या शाईच्या वासाला विटली होती. गेली.

सैन्यात कोणी तिच्या हाती बंदूक दिली नाही. तिची नजर बघून तिला पत्र-तपासणीत टाकलं. म्हणजे काय, तर शिपाई घरी जी पत्रं लिहायचे ती आधी वाचायची, आणि त्यात गावाचं नाव, पुलाचं नाव, तोफा किती, कूच कधी, असलं काही आढळलं तर ते नाहीसं करायचं. पत्र शत्रूच्या हाती पडलं तर काय घ्या. एका रिकाम्या शाळेत हे काम चाले. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर बारा अधिकारी गुडघे दुमडून बसलेले, त्यांत बाई एकटी. भिंतीवर अजून पाढ्यांचा तक्ता लटकत होता.

बाकीचे अकरा जण काळ्या शाईने मजकूर खोडायचे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यातलं एक पत्र पाण्यात बुडवून, उजेडात धरून, शाईखालचा शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. कर्नलसाहेब गार झाले. तेव्हापासून बाईंच्या हातात पातं आलं. पट्टी ठेवायची, चार रेघा मारायच्या, मजकूर अलगद बाहेर. कागदाला जे भोक पडे त्याला तिथे खिडकी म्हणत. शिपायांच्या घरोघर बाईंच्या खिडक्या पोचल्या, आणि शिपायांनी न पाहताच बाईंचं नाव ठेवलं कात्री. ‘नीट लिही रे, कात्री बसलीय तिकडे,’ असं ते एकमेकांना पत्रातूनच बजावायचे, आणि बाईंना ते वाचावं लागायचं. राग यायचा, हसूही यायचं.

पण पात्याची एक मेख होती. शिपाई कागद वाया घालवत नाहीत, पाठपोट लिहितात. पुढचं कापलं की मागचंही जातं. म्हणून बाईंनी स्वतःच नियम घातला होता, आणि नव्या पोरांना तो त्याच घोकून घ्यायला लावत: आधी कागद उलटा, पाठ वाचा, मग पातं. पाठीवर घरचं काही असेल तर पातं खाली ठेवा आणि शाई घ्या, मग शत्रूने वाचलं तर वाचलं. घरच्यांचा शब्द आपण खायचा नाही. हे त्या इतक्या कडकपणे सांगायच्या की एका लेफ्टनंटने ते फळ्यावर लिहूनच ठेवलं होतं.

आणि तो नियम मोडला कोणी, तर त्यांनीच.

त्या दिवशी एक अख्खी पलटण एका खेड्याजवळ येऊन थांबली होती, आणि शिपायांना कित्येक दिवसांनी प्रथमच कागद-पेन्सिली मिळाल्या होत्या. थैलेच्या थैले आले. कर्नलसाहेबांचं फर्मान निघालं की पाचाच्या लॉरीने सगळं गेलंच पाहिजे. प्रत्येकाने तेच खेडं, तोच जुना पूल लिहिलेला. बाईंचा हात नुसता चालत होता. कागद, पट्टी, पातं, पुढचा. कुठल्या तरी क्षणी त्यांनी उलटून बघायचं सोडून दिलं. केव्हा, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

चार वाजता थैले बांधून झाले. कापलेले तुकडे शेगडीत जाळायचे, असा दंडक. बाईंनी ताटली उचलली, तर सगळ्यात वर कागदाची एक पट्टी उलटी पडली होती. दोन बोटं रुंद, दोन ओळींची. जांभळ्या पेन्सिलीचं अक्षर, ओळी शेवटी वर चढत गेलेल्या. त्यावर लिहिलं होतं, ‘माझी सायकल चालवत जा म्हणावं. तशीच ठेवली तर गंजेल. चेनला तेल घालायला’ आणि तिथे पट्टी संपत होती. बाईंनी ती उचलली. पट्टी फिरवली, तर पुढच्या बाजूला तेच खेडं, तोच पूल. पत्र कुणाचं, ते कळायला मार्ग नव्हता.

बाहेर लॉरी उभी होती. थैले अजून ओसरीतच होते. एक तास हातात होता. कर्नलसाहेबांकडे जायचं, चूक झाली म्हणून सांगायचं, थैले सोडायचे आणि जांभळी पेन्सिल शोधायची, इतकंच करायचं होतं. पण कॅप्टन होऊन बाईंना जेमतेम महिना झाला होता, आणि ‘बाईमाणसाच्या हाती पातं दिलं की असंच होणार’ हे वाक्य ऐकवायला अकरा जण टपून होते. बाईंनी पट्टी पुन्हा वाचली. मनाशी म्हणाल्या, सायकलच तर आहे. मरणाबिरणाचं काही नाही. लॉरी गेली.

आठवड्याने त्या पुलापाशी काय झालं, ते याद्यांवरून कळलं. त्या पलटणीतले फार थोडे परतले. म्हणजे त्या दिवशी जी पत्रं गेली ती बहुतेकांची शेवटचीच. बाईंनी पट्टी जाळली नव्हती, वहीत ठेवली होती. जाळणं हा नियम, ठेवणं हा गुन्हा. आता जाळणंही होईना. त्या दिवसापासून बाई बाकावर बसल्या नाहीत. पुढचं सगळं काम त्यांनी उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून केलं. विचारलं तर म्हणायच्या, पाठ दुखते.

लढाई संपली. बाई छापखान्यात परतल्या, दोन वर्षांत सोडून शाळेत लागल्या, तिथून टपाल कचेरीत, तिथून नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदीला. लोकांना वाटे की हिचं कुठेच पटत नाही. खरं कारण वेगळंच होतं. जिथे लोकांच्या हातचं लिहिलेलं बघायला मिळेल तिथे त्या जात होत्या. अर्ज, पाकिटं, पावत्या, मुलांच्या पाट्यासुद्धा. तो शिपाई कदाचित वाचला असेल, कदाचित इथेच कुठे तरी सही करत असेल. ओळी शेवटी वर चढलेल्या दिसल्या की तो कागद त्या उजेडात नेऊन पुन्हा बघायच्या. दोघा-तिघांना त्यांनी थेट विचारलंही, की तुमची सायकल होती का हो. लोक चक्रावून बघायचे. लग्नाचं एक स्थळ तर याच प्रश्नापायी हातचं गेलं, आणि ताई ते सांगताना आजही कपाळावर हात मारते.

चाळीस वर्षं अशी गेली. भाची मोठी होऊन गावच्या वाचनालयात लागली. लढाई संपल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून तिथे घरोघरच्या जुन्या पत्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, तशी ती मावशीच्या मागेच लागली. फीत तूच कापायचीस, गावात दुसरी कॅप्टन आहे कुठे. बाईंनी साफ नकार दिला. आयुष्यात पुरेसं कापलं, म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, एकट्याच गेल्या.

पत्रं भिंतीला टांगली होती. बाई त्यांच्या पद्धतीने भरभर वाचत, पावलं न थांबवता पुढे सरकत होत्या. चौथ्या भिंतीशी पावलं थांबली. एक पत्र दोन काचांमध्ये बसवून छतापासून लोंबकळत ठेवलं होतं, पाठपोट वाचता यावं म्हणून. मधोमध खिडकी. जांभळं अक्षर, ओळी वर चढलेल्या. पाठीमागे लिहिलं होतं, ‘आई, दादाला सांग,’ मग खिडकी, आणि खिडकीनंतर, ‘विसरू नको म्हणावं. बाकी सर्व ठीक.’ खाली भाचीच्याच अक्षरात चिठ्ठी होती: धाकट्या भावाचं शेवटचं पत्र, सौजन्य फ्रेमवाले. मधला मजकूर कोणालाही ठाऊक नाही.

बाईंनी खिशावर हात दाबून धरला. शिपाई तीन गल्ल्या पलीकडचा निघाला होता. त्या फ्रेमवाल्याकडून बाईंनी वडिलांचा फोटो मढवून घेतला होता.

भाचीने मग जे सांगितलं त्याने बाईंचा उरलासुरला धीर सुटला. फ्रेमवाल्याला सगळे ओळखत, तिरसट म्हणून. लढाईवर जायच्या आदल्या दिवशी त्याचं आणि धाकट्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. धाकट्याने पै-पै साठवून घेतलेली सायकल याने न विचारता नेली आणि चाक वाकवून आणली. धाकटा म्हणाला, पुन्हा हात लावलास तर याद राख. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा दादा निरोप द्यायला बाहेरसुद्धा आला नाही. पुढे हे पत्र आलं. ‘दादाला सांग’ आणि ‘विसरू नको’. मधलं दादाने आपल्या मनाने भरून घेतलं, चाळीस वर्षं. सायकल दुकानाच्या भिंतीवर पोत्यात गुंडाळून टांगलेली आहे. तिला त्याने आजतागायत बोट लावलेलं नाही.

‘सायकलच तर आहे,’ बाई पुटपुटल्या. भाचीला वाटलं, मावशी तिला काही सांगतेय.

मग दोन दिवस बाई घरात नुसत्या फिरत होत्या. डबी खिशातून टेबलावर, टेबलावरून खिशात. भाचीला अखेर सगळं सांगितलं. ती पोरगी हुशार. म्हणाली, मावशी, मी पाकिटात घालून त्यांच्या दाराखाली सरकवते, कुणी कापलं ते कळायची गरजच काय? बाईंना क्षणभर इतकं हलकं वाटलं, की त्यांनी पट्टी तिच्या हातात दिलीसुद्धा. आणि लगेच परत घेतली. लॉरी अशीच जाऊ दिली होती. तेव्हाही कुणाला कळायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई फ्रेमवाल्याच्या दुकानात गेल्या. प्रदर्शन संपून पत्र परत आलं होतं, कामाच्या फळीवर आडवं पडलं होतं. काचेचे उभे तुकडे, लाकडाच्या पट्ट्या, खिळ्यांची वाटी. भिंतीवर, अगदी छताजवळ, पोत्यातली ती लांबोडकी वस्तू. फ्रेमवाला सत्तरीचा, वाकलेला, कानावर पेन्सिल. त्याने विचारलं, फोटो आणलाय का? बाईंनी डबी उघडून पट्टी फळीवर ठेवली.

‘हे तुमच्या पत्रातलं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कापलं मी. उलटून बघायचं होतं, बघितलं नाही. नंतर कळलं, तेव्हा थांबवता आलं असतं. तेही केलं नाही.’

त्याने फळीवरचं पत्र जवळ ओढलं. पक्कड घेतली, एकेक खिळा काढला, वरची काच उचलून बाजूला ठेवली. मग पट्टी बोटाच्या टोकाने सरकवत सरकवत खिडकीत बसवली. चारही बाजूंनी चपखल बसली, केसभरही फट नाही. जन्मभर काच कापलेला माणूस तो. अंगठा जोडावरून फिरवत म्हणाला, ‘हात चांगला आहे तुमचा.’

त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या, असं बाईंना वाटलं.

मग त्याने चष्मा शोधला, तो सापडेना, डोक्यावरच होता. बाईंनी वाचून दाखवू का विचारलं, तर मान हलवली. बाईंनी वाचलं. ‘आई, दादाला सांग, माझी सायकल चालवत जा म्हणावं. तशीच ठेवली तर गंजेल. चेनला तेल घालायला विसरू नको म्हणावं. बाकी सर्व ठीक.’ तो म्हणाला, पुन्हा. बाईंनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मात्र त्या मध्येच अडल्या, आणि उरलेलं त्याने स्वतःच पुरं केलं, न बघता.

काच पुन्हा वर ठेवून, पत्र उलटून त्याने पुढची बाजू बघितली. खेडं, पूल. बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्याने ते नाव वाचलं. ‘इथे होता होय,’ म्हणाला. ‘आई विचारून विचारून थकली हो. कुणी सांगितलं नाही तिला.’

आणि मग तो भडकला. ओरडला नाही, पण हातातली पक्कड फळीवर आदळली. एकदा आई चक्कर येऊन पडली, म्हणाला, तेव्हा डॉक्टरला आणायला मी दोन मैल पळत गेलो. सायकल इथेच होती. आई वाचली, पण सायकल असून पळत का गेलास, त्याच्या वस्तूला हात लावायची तुला लाज वाटली ना रे, असं म्हणाली, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. माझ्या मुलाने सायकल मागितली तेव्हा त्याच्या थोबाडीत दिली. आणि तुम्ही हे गोळ्यांच्या डबीत घालून हिंडत होतात.

‘हो,’ बाई म्हणाल्या. दुसरं काही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

‘मी रोज चालवली असती हो ती,’ तो म्हणाला. ‘रोज.’

बाई दाराकडे वळल्या. पाय तर केव्हाचे दाराकडे ओढ घेत होते.

‘चाललात कुठे?’ तो मागून म्हणाला. ‘टोक धरा.’

त्याने शिडी लावली. सत्तरीचा माणूस चढतोय, अडुसष्टीची बाई खालून हात वर करून उभी आहे, आणि दोघांनी मिळून ते पोतं खाली उतरवलं. सुतळी सुटता सुटेना, शेवटी पात्यानेच कापावी लागली. बाईंनी कापली. मागच्या टायरला हात लावला तर त्याचा चुरा जमिनीवर पडला. चाक तसंच वाकडं होतं. चेन तर तांबूस दगडच झाली होती, एक कडी दुसरीपासून वेगळी दिसेना.

फ्रेमवाल्याने कोपऱ्यातलं एक ठेंगणं स्टूल पायाने सरकवलं, आणि फडताळातून तेलाची कुपी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी उभ्या उभ्याच घेतली. मी अशीच करते, म्हणाल्या, मला उभं राहायची सवय आहे.

‘उभ्याने चेनला तेल घालतात होय? बसा.’

बाई बसल्या. पहिल्या कडीवर एक थेंब, चिंधीने चोळायचं, मग दुसरीवर. समोर तो पॅडल धरून उकिडवा बसला होता आणि दर चार कड्यांनी ते फिरवून बघत होता. गिऱ्हाईक आलं, दुकान बंद आहे म्हणून त्याने परत पाठवलं. दुपार टळत आली. बाईंच्या मांडीवर, बोटांवर, बाहीवर गंज आणि तेल. पॅडल जागचं हलत नव्हतं. तो म्हणायचा, अजून थोडं घाला, आणि बाई घालत होत्या.